लाइनवर थांबा

"आता काय दिसतंय, मॅडम?"

"लाल त्रिकोण. तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतोय. मागे फिरा म्हणतोय."

"मागे फिरू नका. लाइनवर थांबा."

ऑपरेटरबाईंनी साधा बटणांचा मोबाइल कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना अजून याच नावानं हाक मारी. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. दूरच्या एका गावातल्या हॉस्पिटलात एक बाई भाचीचा फोन हातात धरून वाट बघत होती. साडेअकराला तिला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. काम हृदयाचं होतं. नंतर बोलणं होईलच, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

"साधा फोन नाही का चालणार?" हेल्पलाइनवरच्या बाईनं विचारलं.

"नाही. चेहरा दिसला पाहिजे."

"बरं. खाली कोपऱ्यात तारीख काय आहे?"

ऑपरेटरबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "अगं बाई! तीन वर्षांपूर्वीची आहे."

"तिथंच घोडं अडलंय. आतली छोटी बॅटरी गेली असणार. तुमचा कॉम्प्युटर जुन्याच दिवसांत बसलाय. समोरच्या साइटचं ओळखपत्र अजून सुरूच झालं नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. तारीख बदला आणि पान पुन्हा उघडा."

तारीख बदलायला पाच मिनिटं गेली. जुन्या दिवसांत बसून राहणं कसं असतं हे ऑपरेटरबाईंना कुणी शिकवायला नको होतं. डोळे मिटले की तो लांबलचक हॉल दिसे. भिंतीला लागून बोर्ड, बोर्डासमोर उंच स्टुलांवर सोळा पोरी, समोर मिणमिणणारे दिवे. दिवा लागला की दोरी उचलायची, खाचेत खुपसायची आणि म्हणायचं, "नंबर, प्लीज." हिवाळ्यात बोटं गारठायची. मग दिव्यांवर धरून ती शेकायची.

"काय ऑपरेटरबाई," खाटेवर शब्दकोडं सोडवत बसलेले यजमान म्हणाले, "एवढी वर्षं नोकरी केलीत आणि एक फोन लागेना?"

"लागेल."

"अहो, त्या हेल्पलाइनवाल्यांना सांगा, ही आमची जुनी परंपरा आहे. मी दुकानातून तीन महिने रोज ट्रंक कॉल मागायचो. कॉल एकदाही लागला नाही, पण ऑपरेटर मिळाली!"

घरात कुणीही आलं की ते हे सांगत. लेकीच्या लग्नात व्याह्यांनाही सांगून झालं होतं. हेल्पलाइनवरच्या बाईच्या कानावर ते गेलं आणि ती खुदकन हसली.

"काका भारीच आहेत. आता पान उघडलं का?"

"उघडलं. पण माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन आहे."

"कॅमेरा वापरू का, असं त्यानं कधी विचारलं होतं?"

"विचारलं असेल. कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की नाही म्हणायचं, असं लेकीनं बजावून ठेवलंय."

"शहाणी आहे लेक. पण आज हो म्हणा. वर पत्त्याच्या शेजारी कुलपाचं चित्र आहे, ते दाबा. कॅमेरा आणि माइक, दोन्हींना परवानगी द्या."

अकरा तेरा. पहिल्यांदा भलतंच काहीतरी उघडलं. दुसऱ्यांदा कुलूप सापडलं. पान पुन्हा उघडलं आणि काळ्या चौकोनात पांढऱ्या केसांची, घाबरलेली एक म्हातारी दिसली. ती आपणच, हे कळायला ऑपरेटरबाईंना जरा वेळ लागला.

"मैत्रीण आहे का पलीकडे?"

"जुनी ओळख. नुसत्या नंबराची. समोरासमोर कधी पाहिलं नाही. आताचा नंबर शोधायला दोन महिने लागले."

"म्हणजे त्याही ऑपरेटर?"

ऑपरेटरबाईंनी खांद्यावरून घसरणारा मोबाइल सावरला. "तुम्हीही दिवसभर कानाला ते लावून बसता ना?" त्यांनी विचारलं. "केसांत खाच पडते का?"

"पडते हो! वेणी घातली तरी दिसते."

"आमचीही पडायची. नव्या पोरींना आम्ही पहिल्या दिवशी एकच सांगायचो, कॉल जोडून दिला की आपलं काम संपलं. मध्ये आपण नसतो."

"अजून तोच नियम आहे, मॅडम. बघा, कुणीतरी बाहेर थांबलंय असं दिसतंय का? शेजारी आत घेण्याचं बटण असेल."

"आहे. आणि मी इथून उठले तरी चालू राहील ना?"

"राहील. कुणीतरी बंद करेपर्यंत राहील."

"देव तुमचं भलं करो," असं म्हणून ऑपरेटरबाईंनी मोबाइल ठेवला. अकरा एकोणीस. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर उशीला टेकलेली एक बाई आली. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहत राहिल्या. पलीकडच्या बाईनं हळूच मान हलवली.

ऑपरेटरबाई खुर्चीतून उठल्या.

"अहो, इकडे या. इथं बसा."

"मी कशाला? तुमची मैत्रीण, तुम्ही बोला."

"या म्हणते ना."

यजमान पेन कानामागे खोचत आले आणि खुर्चीत टेकले. पडद्याकडे बघत त्यांनी चष्मा सारखा केला. हात चष्म्यावर तसाच राहिला.

"ही..."

"साडेअकराला नेणार आहेत तिला. अकरा मिनिटं आहेत," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. "तुम्ही हिचा नंबर मागायचात आणि पलीकडे कुणी उचलत नाही, असं मी तुम्हाला सांगायचे. तो नंबर मी एकदाही लावला नव्हता."