गुडघ्याची पुडी

आयसीयूच्या दाराशी डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते, "गुडघेदुखीच्या त्या पुडीत पेनकिलर कुटून घालतात. त्यानंच आईंच्या किडन्या गेल्या." दर बाजाराला ती पुडी आणणारा रेश्माचा नवरा ऋषिराज, आईचा मोठा श्रावणबाळ, नंदीबैलासारखी मान हलवत होता. सांगलीत चार वेळा डायलिसिस केलं, तरी सासूबाई वाचल्या नाहीत.

तेराव्याला जेवून उठताना मावशी गुडघा धरून विव्हळली. ऋषिराज लगबगीनं आत गेला अन् आईच्या उशाखालची उरलेली पुडी घेऊन आला. निदान आता तरी हा बाबा चारचौघांत खरं सांगेल, असं रेश्माला वाटलं.

 

"घे मावशी, झाडपाल्याची हाय. आई गेली, पर तिचं गुडघं मरंस्तवर कवा दुखलं न्हाईत."