ओठांवरचा येशू

मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून कापडगिरणीतल्या बायका एकमेकींचे ओठ वाचत. त्यांच्यातल्याच एका मावशींनी तिथे तरुणपणापासून असाच ओठांनी येशू सांगितला. कुणी टिंगल केली, कुणी तोंड फिरवलं. त्या सांगतच राहिल्या. नव्या साहेबांनी दम दिला, "पुन्हा देवाधर्माचं बोललात तर कायमच्या घरी बसाल." दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मागावरची बाई मूल गेल्यानंतर प्रथमच कामावर आली. मावशींचे ओठ हलले, "पोरी, येशूही रडला होता…" साहेबांनी ते पाहिलं आणि मुख्य खटका खाली ओढला. सगळे माग थांबले. "काय चाललं होतं? आता बोला की सगळ्यांसमोर!" बायकांनी माना खाली घातल्या. मावशींनी बाहीने कपाळ पुसलं. "साहेब, उभ्या जन्मात माझं ऐकायला कुणी माग थांबवले नव्हते. बसा," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या आवाजात पहिल्यापासून सांगू लागल्या.