‘निज’ म्हटलं की

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसणाऱ्या खिडकीपाशी बसून तृप्ती घरूनच ऑफिसचं काम करी. शेजारी पाळण्यात तान्ही रेवा. लॅपटॉपला द्यायच्या रोजच्या लांबलचक आज्ञा पुन्हा पुन्हा टाइप करायला नकोत म्हणून तिनं टर्मिनलात त्यांना लाडाची टोपणनावं दिली होती. ‘निज’ म्हटलं की सारे प्रोग्राम बंद, ‘ऊठ’ म्हटलं की सारे चालू.

पहिल्यांदा ‘निज’ लिहिलं, तेव्हा रडणारी रेवाही निजली. ‘ऊठ’ लिहिताच खुदकन हसत उठली. मग हे रोजचंच झालं.

“लय गुणाची माझी बाय,” सासूबाई चिमणाबाई म्हणत, “झोका बी द्यावा लागत नाय.” तृप्ती गालातल्या गालात हसे. दुपार कशी सायीसारखी मऊ जाई.

आज रेवा निजली, आणि अपडेटसाठी लॅपटॉप आपसूक बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

दूध पाजायच्या वेळेला तृप्तीनं ‘ऊठ’ लिहिलं. अशी आज्ञा सापडत नाही, असं उत्तर आलं. टोपणनावं फाइलीत साठवायची राहूनच गेली होती; लॅपटॉप बंद होताच ती पुसली गेली.

तिनं ती नव्यानं लिहिली. ‘ऊठ’ म्हटलं. एकेक प्रोग्राम जागा झाला.

“तृप्ती,” चिमणाबाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या, “झोपेत हसतीय गं. पण उठंना.”