कडेवरचा माणूस

नागसेनला एकच कॅमेरा परवडणार होता. म्हणून त्याने पारखून एक घ्यायला दोन जुने कॅमेरे मागून आणले, कुडपणच्या पठारावर एकाच दुर्बिणीला आळीपाळीने लावले आणि मावळतीला टेकलेल्या मृगातला तेजोमेघ टिपला. एक कॅमेरा आज परत करायचा होता.

सकाळी महाडच्या घरी धाकटी बहीण अपेक्षा पहिल्या कॅमेऱ्याचा फोटो बघत होती.

"दादा, खाली डोंगराच्या कडेवर हा कोण?"

दुर्बीण ताऱ्यांमागे सरकत राहते, त्यामुळे फोटोत तारे रेखीव येतात आणि जमीन फरपटल्यासारखी दिसते. कड तशीच आली होती. माणूस मात्र ताऱ्यांइतका रेखीव होता.

"मग हा काय ताऱ्यांबरोबर फिरतो?" ती हसली.

"सेन्सर खराब असेल गो. हा परत देऊ, दुसरा ठेवू."

त्याने दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो उघडला. कड पुन्हा फरपटलेली होती. माणूस तिथेच होता, तितकाच रेखीव. नागसेनने तो भाग मोठा केला.

आता त्या माणसासमोर तिपाईवर एक दुर्बीण होती. तो तिच्यात डोळा लावून वाकला होता.

तिचं तोंड आकाशाकडे नव्हतं, सरळ कॅमेऱ्याकडे होतं.