सहाणेऐवजी

मंगलाष्टका झाल्या, होम पेटला आणि गुरुजींनी विचारलं, "काकू, सहाण?"

शरयूनं पूजेची पिशवी चाचपली. सहाण अल्फारेटा गावातल्या घरी, किचन काउंटरवरच राहिली होती. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकुलत्या एका लेकीचं लग्न, त्यात काही म्हणजे काही अशुभ घडायला नको होतं.

"अहो, पटकन ड्राइव्ह करून..."

"अगं, जायला तास, यायला तास," सत्यजित म्हणाला. "होम काय तोवर थांबणार आहे?"

"कुठलाही सपाट दगड चालेल," गुरुजी म्हणाले. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहून शनिवारी लग्नं लावणाऱ्या माणसाचं शास्त्र तसं लवचीकच असतं.

कापसाचा हा मळा गुलामांच्या काळातला. आता तिथे लग्नं लागत. हॉलमध्ये जुन्या मालकाच्या रोजच्या नोंदी काचेत लावल्या होत्या. सकाळी सईनं एक पान आईला वाचून दाखवलं होतं: 'रात्री पाऊस. खेचर लंगडतं आहे. पहाटे हेस्टर मेली. दुपारून सगळे पुन्हा कापसात.'

"आजच्या दिवशी काय वाचतेस गं असलं," म्हणून शरयूनं तिला गप्प केलं होतं.

साडी सावरत ती मागच्या देवदारांकडे धावली. तिथे निळ्या फुलांच्या वेलीत ओळीनं दगड होते, ओबडधोबड, अर्धे मातीत. जुन्या वाफ्याची कड असणार. त्यातला एक सपाटसा तिनं हलवून हलवून काढला, नळाखाली धुतला, हळदकुंकू लावलं.

येताना फाटकाशी फुलं घेतलेले एक कृष्णवर्णीय आजोबा दिसले. "अहो, फुलवाले आलेत, त्यांना आत घ्या," तिनं सत्यजितला जाताजाता सांगितलं.

सईनं दगडावर पाऊल ठेवलं. "या दगडासारखी स्थिर राहा," गुरुजी म्हणाले. कॅमेरे लखलखले. शरयूला एकदाचं हायसं वाटलं.

पंगती बसल्यावर तिनं दगड पदराआड घेतला. परक्याची वस्तू जिथली तिथे ठेवावी, ही तिच्या आईची शिस्त.

देवदारांखाली तेच आजोबा उभे होते. फुलं अजून त्यांच्या हातातच होती. ते मातीतल्या ताज्या खड्ड्याकडे बघत होते.

"मॅडम," ते हलकेच म्हणाले, "इथे हेस्टरच्या उशाशी एक दगड होता. माझ्या आजीची आजी. कुणी नेला, पाहिलंत का?"