निव्वळ औषध

दारूबंदी आली आणि राजापेठेत गुडघेदुखीची साथ पसरली. हकीम करामतअलींच्या दवाखान्यात भांगेच्या तुपासाठी सकाळपासून रांग. त्यात दारूबंदीचे इन्स्पेक्टर गावंडेही गुडघा धरून उभे असत.

एक दिवस त्यांनीच बजावलं, "हकीमसाहेब, वरून हुकूम आला. तुपात नशा सापडली त परवाना जाईन."

हकीमसाहेबांनी वर्षभर खटपट केली. पाला धुतला, उकळला, तूप सात-सात फडक्यांतून गाळलं. शेवटी एकदाचं जमलं. गावंड्यांनी दोन चमचे चाटून तासभर वाट पाहिली.

"काहीच नाही होऊन राह्यलं!"

"नशा गेली, साहेब. आता खालिस दवा राह्यली."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. गावंडेसाहेब समोरूनच ताडताड चालत गेले.