आम्ही आणि आपण

संपादक केळुसकरांनी हेमांगीच्या अनुवादातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सरदार बायकोला म्हणतो, 'आम्ही पैलतीरावर पोचू.' ती बरोबर जाणार आहे की मागे राहणार?"

"बरोबर जाणार," हेमांगी म्हणाली.

"मग 'आपण' हवं."

हेमांगीला फरक कळेना. बाराव्या शतकातली फ्रेंच तिच्या मेंदूत मातृभाषा म्हणून रुजवली, त्याला महिना झाला होता. आता त्या काळची काव्यं तिला कोशाविना समजत. त्यातल्या थट्टेवर ती एकटीच हसत बसे. त्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना शब्द एकच होता. रोपणाआधी डॉक्टरांनी बजावलं होतं, की नवी मातृभाषा जुनीची थोडी जागा घेईल; काय जाईल ते मात्र आधी सांगता येत नाही.

केळुसकरांनी शब्द बदलला. एवढंच गेलं असेल तर स्वस्तात सुटले, असं हेमांगीला वाटलं.

ती घरी आली तेव्हा तिचे वडील, अप्पा, बॅग भरून दिवाणखान्यात बसले होते. दापोलीचा बेत तिघांचा होता, ती, तिचा नवरा निरंजन आणि अप्पा. आई गेल्यापासून अप्पा प्रथमच बाहेरगावी निघायला तयार झाले होते.

"उद्याचं नक्की ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो अप्पा. आम्ही सकाळीच निघतोय."

अप्पांनी बॅगेचा पट्टा हातात घेतला.

"बरं," ते म्हणाले. "जाऊन या."

ते बॅग उचलून आत गेले. चेन उघडल्याचा आवाज आला. काहीतरी भरायचं राहिलं असेल, असं हेमांगीला वाटलं.